घरच्या वर्कशॉपसाठी पहिले सीएनसी मशीन निवडताना

घरी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकुमाने कापणारे मशीन घ्यायचे ठरले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती बाय किती?" प्लॉट घेताना किंवा पत्र्याची शेड टाकताना हा प्रश्न आधी विचारणे योग्यच असते, पण मशीनच्या बाबतीत तो बराच नंतरचा आहे. आपल्याला कापायचे काय आहे हे आधी ठरवावे, कापताना टूलवर जोर आला की मशीन किती हलते हे मग पाहावे आणि त्यानंतरच मापाकडे वळावे. परभणीत घरामागच्या शेडमध्ये माझे छोटे वर्कशॉप आहे. तिथे आधी ३०१८ जातीचे, सुमारे ३०० बाय १८० मिलिमीटरचे लहान मशीन होते आणि आता ६०० बाय ६०० मिलिमीटर चालीचे, म्हणजे टूल तेवढ्या जागेत पोहोचते असे, थोडे भारी मशीन आहे. पहिले मशीन घेताना मी मापापासून सुरुवात केली होती. आज पुन्हा घ्यायचे झाले तर कोणत्या क्रमाने विचार करीन, तो क्रम या लेखात मांडला आहे.

हॉबी सीएनसी म्हणताना येथे सीएनसी राउटर अभिप्रेत आहे. बेडवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, घट्ट बांधलेला असतो, त्याच्यावरून एक आडवी तुळई म्हणजे गॅन्ट्री पुढे-मागे (वाय अक्ष) सरकते, गॅन्ट्रीवर स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारी मोटार, डावी-उजवीकडे (एक्स) आणि वर-खाली (झेड) सरकतो, आणि त्याच्या टोकाला फिरणारे टूल संगणकाने सांगितलेल्या वाटेने सामान कोरत जाते. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या कारखान्यांत व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या भारी सीएनसी मशीनवर, काम केलेल्या वाचकांना यातले जवळपास सगळे शब्द ओळखीचे असतील. त्यांनी एकच गोष्ट विसरायची आहे, ती म्हणजे हाताला बसलेला कटचा अंदाज. व्हीएमसीचे वजन काही टनांत असते, घरच्या मशीनचे वीस-पन्नास किलोंत. तिथे सहज जाणारा कट इथे घेतला तर टूल तुटते किंवा मोजून पावले टाकत फिरणारी स्टेपर मोटार पावले चुकवते आणि जॉब वाया जातो.

आधी कामांची यादी

वही घ्यावी आणि पुढच्या सहा महिन्यांत खरोखर करणार आहोत अशी पाच कामे लिहावीत. प्रत्येक कामापुढे सामान, त्याची जाडी, जॉबचे सर्वात मोठे माप आणि किती चूक चालेल हे लिहावे. "पुढे कधीतरी लागेल" अशी कामे वेगळ्या पानावर ठेवावीत, कारण पहिले मशीन चुकीचे निवडले जाते ते बहुतेक त्या पानामुळेच. माझ्या यादीत घराच्या नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याची सागवानी जाळी, एका शेतकरी मित्रासाठी टोकण यंत्राच्या चकत्या आणि थोडे पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड, होते.

ही चार कामे शेजारी ठेवून पाहिली तर मशीनकडून किती वेगवेगळ्या अपेक्षा असतात ते कळते. नावाची पाटी सर्वात सोपी, कारण व्ही-बिटने, म्हणजे टोकदार टूलने, कोरलेल्या अक्षरात दशांश मिलिमीटरची चूक डोळ्याला दिसत नाही. जाळीला अचूकता फार लागत नाही, पण बारा मिलिमीटर जाडीच्या सागवानातून आरपार कापायचे असते, तेही तासन्‌तास, त्यामुळे स्पिंडलला दम हवा. पीसीबीचे काम अगदी हलके असते. तिथे बेड सपाट हवा आणि टूल न डगमगता फिरायला हवे. टोकण यंत्राच्या चकतीने मात्र मला सर्वात जास्त शिकवले. पेरताना या चकतीची भोके एकेक दाणा उचलतात. वाण बदलले की सोयाबीनचा दाणा लहान-मोठा होतो आणि त्याप्रमाणे चकतीही बदलावी लागते. भोक थोडे मोठे झाले तर दोन दाणे पडतात, लहान झाले तर दाणा अडकतो किंवा दुभंगतो. सहा मिलिमीटर जाडीच्या एचडीपीई (प्लॅस्टिक) शीटमधून मी पहिली चकती कापली तेव्हा भोके नुसत्या नजरेला गोल दिसत होती. व्हर्नियर लावल्यावर एका दिशेने कमी आणि दुसऱ्या दिशेने जास्त माप आले. दोष डिझाइनमध्ये नव्हता. मशीनच्या स्क्रूमध्ये आणि नटमध्ये ढिलाई होती.

सामानाबद्दल थोडक्यात सांगायचे तर एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी), प्लायवूड आणि मऊ लाकूड जवळपास कोणतेही हॉबी मशीन कापते. सागवान आणि बाभूळ यांना अधिक कणखर मशीन लागते, आणि बाभळीला तर धारदार टूल व संयम दोन्ही लागतात. जुने वाडे उतरवताना निघालेले चौकटीचे सागवान आपल्याकडे चांगले मिळते, पण त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात, म्हणून बेडवर घेण्याआधी त्यावरून चुंबक फिरवावे. ॲक्रिलिक घेताना कास्ट प्रकारचे मागावे. एक्स्ट्रुडेड ॲक्रिलिक वितळून टूलला चिकटते. ॲल्युमिनियम पहिल्या मशीनच्या यादीत मुख्य काम म्हणून नसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगल्या मशीनवर ६०६१ ग्रेडची पट्टी एका धारेच्या टूलने, उथळ कट घेत आणि केरोसीनचा हात फिरवत नीट कापता येते, पण त्यासाठीचा कणखरपणा विकत घ्यायला पैसे बरेच जास्त लागतात. लोखंड घरच्या राउटरचे काम नाही.

मशीन किती हलते

आता मुख्य मुद्दा. टूल कापताना सामानाला ढकलते, तेव्हा सामानही टूलला तेवढेच ढकलते. त्या जोराने टूल, स्पिंडल, गॅन्ट्री, रेल, फ्रेम असे सगळे थोडेथोडे वाकते आणि त्या वाकण्याची बेरीज जॉबवर उमटते: माप चुकते, कडेला लाटा येतात, टूल किंचाळते. हे वाकणे लांबीबरोबर सरळ हिशोबाने वाढत नाही. कोलेटबाहेर, म्हणजे टूलचा दांडा धरणाऱ्या पकडीबाहेर, काढलेली टूलची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराला टूल आठपट वाकते. गॅन्ट्रीच्या तुळईलाही हाच हिशोब लागू आहे. तोच ॲल्युमिनियमचा सेक्शन वापरून ४०० मिलिमीटरची गॅन्ट्री ८०० मिलिमीटरची केली तर ती आठपट लवचीक होते. म्हणूनच जाहिरातीत बेडचे माप दुप्पट आणि किंमत थोडीशीच जास्त दिसली, तर काय गमावून ते माप मिळते आहे हे आधी विचारावे.

रेलचे मुख्य प्रकार तीन-चार आहेत. व्ही-स्लॉट पट्टीवर चालणारी प्लॅस्टिकची चाके स्वस्त असतात आणि धुळीलाही फारशी दाद देत नाहीत, पण ती दाबली जातात आणि झिजतात. दोन्ही टोकांना धरलेले गोल रॉड मध्ये लवतात; ३०१८ मध्ये तेच असतात आणि त्या लहान मापाला ते कसेबसे पुरतात. खालून सबंध लांबीला आधार असलेले एसबीआर रॉड त्याहून बरे. चौकोनी लिनियर गाइड, म्हणजे एचजीआर १५ किंवा एमजीएन १२ सारखे, सर्वात चांगले, मात्र ते सपाट आणि एकमेकांना समांतर बसवलेले हवेत, नाहीतर गाडी अडकत चालते.

चाल देणाऱ्या भागात बेल्ट, टी८ लीड स्क्रू आणि बॉलस्क्रू असे तीन पर्याय आहेत. बेल्ट वेगवान असतो पण ताणला जातो. टी८ स्क्रूच्या नटमध्ये ढिलाई असते आणि वापराबरोबर ती वाढते. या ढिलाईलाच बॅकलॅश म्हणतात. स्क्रू उलट्या दिशेने फिरू लागला की ही ढिलाई भरून निघेपर्यंत टूल जागचे हलत नाही, आणि माझ्या चकतीची भोके त्यामुळेच लांबट झाली होती. बॉलस्क्रूमध्ये नट आणि स्क्रू यांच्यामध्ये गोळ्या फिरतात, त्यामुळे ढिलाई बरीच कमी असते. १६०५ या नावाचा स्क्रू, म्हणजे १६ मिलिमीटर व्यासाचा आणि एका फेऱ्यात ५ मिलिमीटर पुढे नेणारा, घरच्या मशीनसाठी पुरून उरतो. बजेट एकाच अक्षावर बॉलस्क्रू घेण्याइतकेच असेल तर तो झेडवर असावा की एक्सवर, असे मला बऱ्याच वेळा विचारले जाते. माझे उत्तर असे की तसे अर्धवट मशीन घेऊच नये. त्यापेक्षा माप लहान करावे आणि तिन्ही अक्षांवर बॉलस्क्रू घ्यावा.

मशीन किती हलते हे तपासायला डायल गेज (सुईने बारीक सरकणे मोजणारे उपकरण) आणि सामान तोलायचा हुकाचा काटा एवढे पुरते. डायल गेजचा चुंबकी पाय लोखंडी बेडवर किंवा बेडवर घट्ट बांधलेल्या लोखंडी पट्टीवर ठेवावा, गेजचे टोक स्पिंडलच्या नाकाला टेकवावे, मोटारींना वीज देऊन त्या जागी धरून ठेवाव्यात आणि काट्याने स्पिंडलचे नाक आडवे पाच किलोपर्यंत ओढावे. गेजची सुई किती फिरली ते आधी एक्सच्या आणि मग वायच्या दिशेने पाहून लिहून ठेवावे. माझा स्वतःचा निकष असा आहे की लाकडासाठी हे हलणे पाव मिलिमीटरच्या आत असावे आणि ॲल्युमिनियमचा विचार असेल तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. ओढ सोडल्यावर सुई मूळ जागी परत येते का, हेही पाहावे. परत आली नाही तर कुठेतरी बोल्ट ढिला आहे किंवा रेलमध्ये खेळ आहे. विक्रेता ही तपासणी करू देत नसेल तर तिथून मशीन घेऊ नये.

माप, आणि दहा मिलिमीटरची गोष्ट

वहीतल्या सर्वात मोठ्या जॉबपेक्षा थोडी जास्त चाल असलेले मशीन पुरते. चाल आणि बेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; टूल जिथपर्यंत पोहोचते ते माप विचारावे. आपल्याकडे प्लाय आणि एमडीएफ आठ बाय चार फुटांच्या शीटमध्ये मिळते आणि दुकानदार त्याचे दोन बाय दोनचे तुकडे सहज करून देतो. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर, आणि बाजारातल्या अनेक मशीनची चाल ६०० मिलिमीटर असते. जॉब शीटच्या अगदी कडेपर्यंत जात नसेल तर काही बिघडत नाही, पण दोन फुटी पाटीच्या चारही कडा मशीनवरच कापायच्या असे मनात धरले असेल तर ते दहा मिलिमीटर कमी पडतात.

झेडच्या उंचीचा मोह आवरावा. गॅन्ट्रीखाली ७५ ते १०० मिलिमीटर मोकळी जागा लाकूडकामाला भरपूर होते. त्याहून उंच गॅन्ट्री म्हणजे लांब पायांचे टेबल; ते डुलतेच. ६०० बाय ६०० चालीच्या मशीनला ठेवायला प्रत्यक्षात सुमारे तीन बाय तीन फूट जागा, भोवती हात फिरवायला जागा आणि जड टेबल लागते. शेडचे दार किती रुंद आहे हेही आधी मोजून घ्यावे.

स्पिंडल, कोलेट आणि सूत

लहान मशीनवर ७७५ जातीची डीसी मोटार असते. ती २४ व्होल्टवर मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे देते, पण जोर लागला की मंदावते. पाट्या आणि पीसीबी यांना ती चालते, सागवानाच्या जाळीला नाही. मधला पर्याय म्हणजे सुतारांकडे असतो तसा हाताचा ट्रिमर राउटर मशीनवर बांधणे. सातशे वॅटच्या आसपासचा, वेग बदलता येणारा ट्रिमर पहिल्या मशीनसाठी मला सर्वात योग्य वाटतो, कारण तो बिघडला तर तालुक्याच्या गावीही दुरुस्त होतो आणि त्याचे कार्बन ब्रश कुठेही मिळतात. त्याचा आवाज मात्र कर्कश असतो.

त्यावरचा पर्याय व्हीएफडीवर, म्हणजे विजेची वारंवारता बदलून वेग ठरवणाऱ्या यंत्रावर, चालणाऱ्या स्पिंडलचा. तो शांत असतो आणि अचूक फिरतो. तो घेतल्यास व्हीएफडीची मूळ वारंवारता ४०० हर्ट्झवर लावली आहे ना, हे पहिल्यांदा चालू करण्याआधीच तपासावे. ५० हर्ट्झवर ठेवून चालवला तर स्पिंडल जळतो. पाण्याने थंड होणारा स्पिंडल असेल तर त्यात बोअरचे पाणी कधीही घालू नये. आपल्या भागातल्या जड पाण्याचा क्षार बादलीच्या कडेला किती पटकन धरतो हे आपण रोज पाहतो. स्पिंडलच्या आतल्या अरुंद वाटेतही तो तसाच धरतो. डिस्टिल्ड पाणी वापरावे आणि मे महिन्यात टाकी मोठी ठेवावी.

कोलेटबाबत नवख्यांची एक चूक वारंवार होते. आपले सुतार आणि फॅब्रिकेटर सुतात माप सांगतात, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लहान टूलच्या दांड्याचे ३.१७५ मिलिमीटर हे विचित्र दिसणारे माप म्हणजे नेमके एक सूत. दोन सूत म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि बाजारात ६ मिलिमीटर दांड्याची टूलही तितकीच मिळतात. हातात धरून दोन्ही सारखीच वाटतात, पण ६ मिलिमीटरचा दांडा दोन सुती कोलेटमध्ये नीट धरला जात नाही, आणि सोळा हजार फेऱ्यांवर सुटलेले टूल कुठे जाईल याचा नेम नसतो. प्रत्येक मापाची कोलेट वेगळी घ्यावी आणि तिच्यावर मार्करने माप लिहावे.

वीज

माझे सर्वात मोठे नुकसान विजेच्या बाबतीत झाले, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. देव्हाऱ्याची जाळी कापत असताना एकदा भर दुपारी वीज गेली. मोटारी आणि स्पिंडल थांबले, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. मी चहाला घरात गेलो. दहा मिनिटांनी वीज आली आणि मी धावत शेडमध्ये पोहोचेपर्यंत टूलने तीन तास कोरलेल्या जाळीवरून तिरपी चर मारली होती. कारण शोधल्यावर कळले ते असे. अनेक स्वस्त कंट्रोलर बोर्डांना यूएसबीच्या तारेतून वीज मिळते. मोटारींची वीज गेली तरी बोर्ड जिवंत असतो, लॅपटॉपकडून हुकूम घेत राहतो आणि मोटारी फिरत आहेत असेच समजतो. वीज परत आली की बोर्डाच्या हिशोबातली जागा आणि टूलची खरी जागा यांचा काही संबंध उरलेला नसतो, तरी काम पुढे सुरू होते.

यावर उपाय आहेत आणि ते खरेदीच्या वेळीच पाहावेत. मशीनला लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला दाबले जाणारे स्विच) आणि होमिंग (त्या स्विचपर्यंत जाऊन आपली मूळ जागा शोधणे) असावे. जीआरबीएल या प्रचलित कंट्रोलर प्रणालीत जॉबचा शून्यबिंदू जी५४ नावाच्या नोंदीत साठवलेला असतो आणि वीज गेली तरी पुसला जात नाही. वीज आल्यावर पुन्हा होमिंग केले की मशीनला आपला मूळ कोपरा सापडतो आणि जॉबचा शून्यबिंदूही तेवढ्याच अचूकपणे परत मिळतो. लिमिट स्विच नसलेल्या मशीनवर हे शक्य नाही. दुसरा उपाय म्हणजे २३० व्होल्टचा छोटा रिले मुख्य विजेवर बसवून त्याचा संपर्क बोर्डाच्या फीड-होल्ड, म्हणजे काम थांबवून धरणाऱ्या, पिनला जोडणे. वीज गेली की रिले सुटतो आणि बोर्ड काम थांबवून धरतो. इन्व्हर्टर किंवा यूपीएस वापरायचा असेल तर सगळे मशीन त्यावर घ्यावे, नाहीतर काहीच घेऊ नये. मोटारी यूपीएसवर आणि स्पिंडल थेट लाइनवर ठेवला तर वीज जाताच थांबलेले टूल मशीन पुढे ओढत नेते आणि मोडते.

ट्रिमर वापरत असल्यास आणखी एक धोका आहे. त्याचे बटण चालूच राहिले तर वीज येताक्षणी तो आपोआप फिरू लागतो, आणि त्या वेळी आपला हात भुसा झाडत असू शकतो. शेतातल्या मोटारीला आपण ऑटो स्विच बसवतो तो वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून. इथे नेमके उलटे हवे आहे. वीज गेल्यावर सुटणारा आणि हाताने दाबल्याशिवाय न लागणारा स्विच मशीनला असावा. आपत्कालीन लाल बटण मोटारींबरोबर स्पिंडलचीही वीज तोडते का, हे मशीन पाहतानाच दाबून पाहावे.

अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नये. व्हीएफडीच्या विद्युत गोंगाटामुळे लिमिट स्विच खोटे संकेत देतात आणि काम मध्येच थांबते. शील्ड असलेली तार आणि चांगले अर्थिंग हा त्यावर उपाय आहे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत अर्थिंगच्या खड्ड्यात नियमाने पाणी ओतावे. मल्टीमीटरवर न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर मशीन जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनला दाखवावे. बाहेरून मागवलेल्या मशीनच्या पॉवर सप्लायवर ११५ आणि २३० असा छोटा सरकता स्विच असतो. तो २३० वर आहे याची खात्री केल्याशिवाय प्लग लावू नये.

शेड, धूळ आणि ऊन

एमडीएफची धूळ इतकी बारीक असते की ती फुफ्फुसात खोल जाते, आणि तिच्यात रेझिनही असते. एन९५ मास्क आणि भुसा ओढणारा व्हॅक्यूम हे मशीनबरोबरच घ्यायचे आहेत, नंतर कधीतरी नव्हे. व्हॅक्यूमच्या आधी झाकणाच्या बादलीवर हवेतून भुसा वेगळा करणारा सायक्लोन बसवला तर फिल्टर लवकर भरत नाही. चष्मा घालावा. फिरत्या टूलजवळ हातमोजे मात्र घालू नयेत, आणि सैल बाही, उपरणे, ओढणी दूर ठेवावी.

पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याच्या दुपारी मशीन चालवू नये. स्टेपर मोटारी एरवीही हाताला चटका बसेल इतक्या तापतात. त्यात भोवतीची हवाच चाळीस अंशांच्या पुढे असेल तर मोटारींना चालवणारा ड्रायव्हर गरम होऊन मोटार पावले चुकवू लागते. पहाटे आणि रात्री काम करावे, मात्र शेजाऱ्यांना विचारून. पावसाळ्यात एमडीएफ ओल धरून फुगते, त्यामुळे बेडवर टाकलेली एमडीएफची फळी मृगानंतर एकदा पुन्हा सपाट करून घ्यावी, आणि उघड्या रेलवर हलक्या तेलाचा हात ठेवावा.

सॉफ्टवेअरबद्दल फार काळजी करू नये. इंकस्केप आणि फ्रीकॅड मोफत आहेत, मशीनला हुकूम पाठवायला कॅन्डल किंवा युनिव्हर्सल जी-कोड सेंडर मोफत मिळते, आणि ऑटोडेस्क फ्यूजनची वैयक्तिक वापराची मोफत आवृत्तीही काही मर्यादांसह पुरते. मात्र ज्या मशीनचा कंट्रोलर फक्त त्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर चालतो ते मशीन घेऊ नये. सुट्या भागांनाही हाच न्याय लावावा. नेमा २३ मोटार, १६०५ स्क्रू, एचजीआर १५ रेल, ईआर ११ कोलेट अशा प्रमाणित मापांचे भाग कुठूनही मागवता येतात. खास मापाचा भाग मोडला तर हिंगोलीत काय आणि धाराशिवात काय, मशीन कुरिअरची वाट पाहत उभे राहते.

पैसे आणि पाहणी

एकूण बजेटचा तिसरा हिस्सा मशीनबाहेर ठेवावा, असा माझा आग्रह आहे. टूल, दोन-तीन कोलेट, शिकंजे, व्हॅक्यूम, मास्क, व्हर्नियर, डायल गेज, जड टेबल आणि वाया जाणारे लाकूड यांत ती रक्कम पाहता पाहता संपते. सगळे पैसे मशीनवर घालून टूलसाठी हात आखडणाऱ्याचे चांगले मशीनही बोथट टूलने वाईट काम करते. हात अगदीच आखडता असेल तर ३०१८ घ्यायला हरकत नाही. सुमारे ३०० बाय १८० बाय ४५ मिलिमीटरच्या त्या लहान जागेत डिझाइन, जी-कोड (मशीनला द्यायच्या हुकुमांची भाषा), शून्यबिंदू आणि टूल तुटण्याची कारणे हे सगळे शिकून होते. फक्त त्यावर धंद्याची ऑर्डर घेऊ नये. स्वतः फ्रेम वेल्ड करून मशीन बांधायचा विचार पहिल्या वेळी बाजूला ठेवावा, कारण वेल्डिंगने चौकोनी पाइप पिळतो आणि मशीन नीट चालत नाही तेव्हा दोष फ्रेमचा, वायरिंगचा की आपल्या जी-कोडचा हे नवख्याला ओळखता येत नाही.

मशीन पाहायला जाताना स्वतःचे लाकूड घेऊन जावे. विक्रेत्याला ५० मिलिमीटरचा चौरस आणि ५० मिलिमीटरचे वर्तुळ कापून दाखवायला सांगावे, आणि व्हर्नियर आपले असावे. वर्तुळाच्या कडेवर नख फिरवताना वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशा चार ठिकाणी, जिथे अक्षाची दिशा उलटते तिथे, बारीक पायरी लागली तर तो बॅकलॅश आहे. त्यानंतर ४०० बाय ३०० मिलिमीटरच्या आयताच्या चार कोपऱ्यांवर बारीक भोके पाडून घ्यावीत आणि दोन्ही कर्ण मोजावेत. पायाची आखणी करताना गवंडी तीन-चार-पाचचा गुण्या धरतो तोच हा हिशोब: दोन्ही कर्ण ५०० मिलिमीटर आले तर गॅन्ट्री गुण्यात आहे. एक कर्ण मोठा आणि एक लहान आला तर ती तिरपी आहे, आणि ती सरळ कशी करायची हे विक्रेत्याने तिथेच करून दाखवावे.

पहिला दिवस

मशीन टेबलावर बसवल्यावर सगळे बोल्ट स्वतः पुन्हा आवळावेत. मग पावलांचा हिशोब तपासावा. स्टेपर एका फेऱ्यात २०० पावले घेते. ड्रायव्हर आठ मायक्रोस्टेपवर, म्हणजे प्रत्येक पावलाचे आठ भाग करणारा, आणि स्क्रू ५ मिलिमीटरचा असेल तर एका मिलिमीटरला ३२० पावले होतात. संगणकावरून अक्ष १०० मिलिमीटर सरकवून प्रत्यक्ष अंतर मोजावे. यानंतर टूल जॉबच्या वीस मिलिमीटर वर धरून सगळा प्रोग्राम हवेतच चालवून पाहावा, एक हात लाल बटणाजवळ ठेवून.

पहिला खरा कट एमडीएफमध्ये घ्यावा. सहा मिलिमीटरचे दोन धारांचे टूल, सोळा हजार फेरे आणि प्रत्येक धारेला ०.०५ मिलिमीटर असा हिशोब धरला तर मिनिटाला १६०० मिलिमीटर चाल, म्हणजे इथे टूल सरकण्याचा वेग, निघते. खोली एका वेळी दोन मिलिमीटरपासून सुरू करावी. ट्रिमरचे मशीन असल्यास हे आकडे थेट वापरता येतील, ३०१८ वर मात्र टूल, चाल आणि खोली तिन्ही बरेच कमी ठेवावे लागतात. भीतीपोटी चाल फार कमी केली तर टूल कापण्याऐवजी घासते, लाकूड जळून काळे पडते आणि धार जाते. निघणारा भुसा हातात घेऊन पाहावा: पिठासारखा उडत असेल तर चाल वाढवावी किंवा फेरे कमी करावेत, आणि लहान लहान कपच्या पडत असतील तर तेच आकडे सामान, टूल आणि तारखेसह वहीत लिहावेत. आठ दिवसांनी बोल्ट आणि मोटारीला स्क्रू जोडणारे कपलर पुन्हा आवळावेत, डायल गेज लावून पाच किलोची ओढ पुन्हा द्यावी आणि नवे माप पहिल्या मापाशेजारी लिहावे.